गिरणी की घरघंटी

दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि वाचनालयातले पाच संगणक नव्या आवृत्तीवर न्यायला माझ्या थोरल्या बहिणीला एक मोकळा रविवार मिळाला. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तिनं उभी नोकरी काढली. निवृत्तीनंतर वाचनालयाची मशीनं आपणहून अंगावर घेतली आणि पाचांवरही डेबियन लिनक्स टाकलं. माझा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्या लॅपटॉपवर आर्च लिनक्स असतं. सुट्टीला आलेला, म्हणून मदतीला धरलेला. मी मराठीचा निवृत्त मास्तर. माझ्याकडं कुलूप उघडणं आणि चहा आणणं. दोघांची नावं लिहीत नाही. एकमेकांची ती आत्या आणि भाचा, तेवढं पुरे.

भाचा : आत्या, इथं हे चित्रांचं गिंप अजून 2.10? अगं, 3.0 मार्चमध्येच आलं.

आत्या : आलं ना. माझ्याकडं आज संध्याकाळी येईल.

भाचा : सात महिने उशिरा. आणि हे लिबरऑफिस 7.4! ते 2022 चं आहे. मी एक कमांड मारतो, मूळ लेखकानं चार दिवसांपूर्वी काढलेली आवृत्ती आर्चचं पॅकमन आज आणून देतो.

आत्या : आणि लेखकानं चार दिवसांपूर्वी केलेली चूकही आणून देतो. अरे, इथं स्पर्धा परीक्षेची पोरं फॉर्म भरायला येतात. शेवटच्या तारखेला रात्री आठ वाजता प्रिंट निघाली नाही तर ती गिंपचा नंबर विचारणार नाहीत, माझ्या घराची कडी वाजवतील.

भाचा : म्हणून तीन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर द्यायचं त्यांना?

आत्या : तीन वर्षांपूर्वीचं, पण भोकं बुजवलेलं. डेबियनवाले आवृत्ती गोठवतात, ठिगळ लावायचं थांबवत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती नव्या आवृत्तीत झाली की तेवढाच तुकडा कापून जुन्या आवृत्तीला शिवतात. बाहेर 7.4 लिहिलंय म्हणून आतलं सगळं 2022 चं नसतं.

ही गोठवण्याची भानगड मला तिनं पूर्वी एकदा समजावली होती. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि प्रत्येकीला ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्राचं नाव असतं. जून 2023 मध्ये आलेली 12 वी बुकवर्म, 9 ऑगस्ट 2025 ला आलेली 13 वी ट्रिक्सी. जिथं नवा माल आधी येऊन पडतो त्या कायमच्या अस्थिर शाखेचं नाव सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. नाव ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे. ट्रिक्सी येऊन पहिले काही आठवडे ताईनं हात लावला नाही. सप्टेंबरात 13.1 आली, लोकांच्या रडकथा ऐकून झाल्या, मग हा रविवार.

तिनं सोर्सेसच्या फाईलीत ‘बुकवर्म’ खोडून ‘ट्रिक्सी’ लिहिलं आणि ॲप्टला, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं आणून बसवणाऱ्या अवजाराला, ‘अपडेट’ सांगितलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि अर्ध्या मिनिटात थांबल्या. झालं का, म्हणून मी विचारलं, तर दोघंही हसली. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत दिसलं.

आत्या : अरे, अपडेट म्हणजे नुसती यादी आणली. वाण्याकडं आज काय काय आहे, ते कळलं. माल अजून दुकानातच. अपग्रेड म्हणशील तेव्हा पिशवी घरात येते.

भाचा : बाबा, आमच्याकडं यादी आणि माल एकदमच आणतात. नवी यादी आणून त्यातली एकच वस्तू उचलायची, बाकी जुनंच ठेवायचं, हे आर्चमध्ये चालत नाही. अर्धवट अपग्रेड केलंस आणि मोडलं, तर तुझं तू बघ म्हणतात.

आत्या : ऐकलंस? रोज अख्खं घर हलवायचं.

भाचा : रोज थोडं हलवायचं. तू दोन वर्षांनी एकदम ट्रक बोलावतेस.

हे मला पटलं. दोन वर्षांची अडगळ एका दिवशी उपसणं काय असतं, ते मी दिवाळीच्या आधीच पाहिलं होतं. पण आमच्या घरी, बायकोच्या संगणकावर, याच मुलानं आर्च न टाकता मुकाट्यानं लिनक्स मिंट टाकून दिलंय, हेही मला आठवलं. बोललो नाही. वादात तिसऱ्यानं पुरावा पुरवू नये.

‘अपग्रेड’ची आज्ञा झाली. आता खरा माल उतरायला लागला. आमच्या गावचं इंटरनेट रविवारी जरा माणसात असतं, तरी तासभर लागणार होता. त्या तासात गिरणी निघाली.

आत्या : तुला आयतं मिळालं म्हणून किंमत नाही. आम्ही लॅबमध्ये मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून रेड हॅट टाकायचो. एक प्रोग्रॅम टाकायला जावं तर आरपीएम म्हणायचं, अमुक लायब्ररी नाही. ती शोधून आणली की म्हणायचं, हिला तमुक लागते. तमुक आणली की ती म्हणायची, मला आधीची अमुक चालत नाही, दुसरी आण. संध्याकाळ जायची. डेबियनमध्ये ॲप्ट आलं 1999 साली, 2.1 बरोबर. नुसतं नाव सांगायचं, बाकीचं गणित ते करतं.

भाचा : ते गणित करावं लागतं, कारण सगळ्यांना एकाच लायब्ररीवर टेकवलंय. डिपेंडन्सी मुळात त्यातून येते.

आत्या : मग काय प्रत्येकानं घरी जातं ठेवायचं? गावात एक गिरणी असते. सगळ्यांचं दळण तिथं. गिरणीच्या पाट्याला टाकी लावली की साऱ्या गावाचं पीठ सुधारतं. 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, आठवतंय? लॅबमध्ये एक पॅकेज बदललं, त्याच्यावर चालणाऱ्या सेवा बंद करून पुन्हा चालू केल्या, संपलं. ज्यांनी ज्यांनी ती लायब्ररी पोटात घालून प्रोग्रॅम विकले होते, त्यांना प्रत्येकाला गाठत बसावं लागलं.

भाचा : गिरणीचं एक सांगायचं राहिलं तुझं. आपल्या आधी कुणी बाजरी दळली असेल तर आपल्या गव्हात बाजरी येते. एका प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी हवी, दुसऱ्याला नवी. गिरणीत पाटा एकच. मग तुम्ही काय करता? दोन वर्षं गावाला सांगता, सगळ्यांनी ज्वारीच खा. फ्लॅटपॅक म्हणजे घरघंटी. ज्याचं त्यानं दळावं, हवं तेव्हा, हवं तेवढं जाड. आणि घरघंटी आपल्या खोलीत असते. प्रोग्रॅमला बाहेरचं काय दिसू द्यायचं, ते ठरवता येतं. तुझ्या ॲप्टनं टाकलेला प्रोग्रॅम एकदा चालू झाला की घरभर फिरतो.

आत्या : सप्टेंबर 2023. वेबपी चित्रं उलगडणारी ती लायब्ररी. तिच्यात भोक सापडलं तेव्हा क्रोमचं इंजिन पोटात घेऊन फिरणारी ती तुमची चॅटची ॲप्स, एडिटर, प्रत्येकाला आपापली नवी आवृत्ती काढावी लागली. माझ्याकडं लिबवेबपी एकदा बदललं. घरोघरी घरघंटी म्हणजे घरोघरी मेकॅनिक.

भाचा : फ्लॅटपॅकमध्ये रनटाइम सामाईक असतो, गल्लीत एक म्हण हवं तर. अगदीच घरोघरी नाही. आणि लेखकाच्या बाजूनं बघ ना. त्यानं डेबियनसाठी एक पॅकेज करायचं, फेडोरासाठी वेगळं, उबुंटूच्या दर आवृत्तीसाठी वेगळं? लिनस टॉरवॉल्ड्स 2014 मध्ये पोर्टलंडला डेबियनवाल्यांच्याच परिषदेत जाऊन हे बोलला. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी त्याचा एक प्रोग्रॅम आहे, सबसरफेस. त्याची विंडोजची आणि मॅकची तयार फाईल ते काढायचे, लिनक्सची काढत नव्हते. लिनक्सच्या बापाला लिनक्सवर प्रोग्रॅम पोचवता येईना!

ताई यावर थोडी गप्प झाली. उबुंटूच्या स्नॅपचा, म्हणजे त्यांच्या घरघंटीचा, विषय दोघांनी मिळून दोन वाक्यांत संपवला. उबुंटू 22.04 पासून ॲप्टला फायरफॉक्स मागितलं तर मागच्या दारानं स्नॅपच आत येतं, हे दोघांनाही रुचत नाही. भांडणाऱ्या दोन भावकींना तिसऱ्याचा बांध नकोसा असतो, तसं काहीसं.

मला मात्र गिरणीचा एक फायदा माझ्या धंद्यातला कळला. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक पडद्यावर नीट दिसायला हार्फबझ नावाची लायब्ररी अक्षरांची जोडणी करते. माझं लिखाण लिबरऑफिसमध्ये असो की कुणी गिंपमध्ये पोस्टर करो, या मशीनवर जोडणारी तीच. एके काळी एका प्रोग्रॅममध्ये शाबूत असलेला ‘ऱ्या’ दुसऱ्यात गेला की त्याचे तुकडे पडायचे. त्या काळात मी तीन स्मरणिका काढल्या आहेत. पुन्हा तिकडं जायची इच्छा नाही.

भाचा : पण आत्या, माझं भांडण गिरणीशी नाहीच. मधल्या माणसाशी आहे. लेखक लिहितो, मी वापरतो. मधे हा डेबियनचा मेंटेनर कोण? मार्केट यार्डातला अडत्या.

आत्या : अडत्या आडत घेतो. यांतले कितीतरी जण फुकट राबतात. जवळपास 70 हजार पॅकेजं आहेत ट्रिक्सीत. प्रत्येकाचं लायसन बघायचं, लावून बघायचं, दुसऱ्याशी भांडत नाही ना ते बघायचं. लेखक आपल्या लेकराचं कौतुक करणारच. वर्गात ते कसं वागतं, हे कुणीतरी बघायला नको?

भाचा : आणि लेकरू बिघडवलं तर? 2016 मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरचा लेखक का चिडला होता? डेबियनमध्ये त्याची जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं पडून. लोक त्याला पत्रं पाठवून त्यानं कधीच दुरुस्त केलेल्या चुका सांगायचे. त्यानं प्रोग्रॅममध्येच सूचना घातली होती, ही आवृत्ती फार जुनी झाली म्हणून. तर डेबियनमध्ये चर्चा ती सूचना काढायची! शेवटी तो म्हणाला, माझा प्रोग्रॅमच काढा.

आत्या : त्यात चूक आमच्याकडं होती.

भाचा : आणि 2008?

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. हे साल तिच्या दुखऱ्या जागेवरचं आहे, एवढं मला कळलं. गोष्ट अशी. ओपनएसएसएल गुप्त किल्ल्या बनवतं, त्यासाठी त्याला यादृच्छिक आकडे लागतात. 2006 मध्ये डेबियनच्या मेंटेनरनं त्यातल्या ओळी काढल्या, कारण तपासणीचं एक अवजार तिथं इशारे देत होतं. इशारे थांबले. पण यादृच्छिकपणा जवळजवळ त्या ओळींतूनच येत होता. उरला तो चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जेमतेम 32,768 शक्यता. डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या गोतावळ्यात दीड वर्षाहून अधिक काळ ज्या किल्ल्या बनल्या, त्यांचा जुडगा कुणालाही घरबसल्या करता आला असता. हे मे 2008 मध्ये बाहेर आलं.

भाचा : लेखकाचं मूळ लिखाण ठीक होतं. मधल्या माणसानं घाण केली.

आत्या : हो. लॅबमधल्या सगळ्या किल्ल्या मी स्वतः बदलल्या, दोन दिवस लागले. विसरलेले नाही. पण मग तू एक्सझेड विसरू नकोस.

भाचा : मी त्याचीच वाट बघतोय.

आत्या : तिथं मधला माणूस स्वच्छ, लेखकच खोटा. जिया टान म्हणून कुणीतरी येतो, दोनेक वर्षं इमानदारीनं काम करतो, दमलेल्या मूळ माणसाचा विश्वास मिळवतो आणि 5.6.0 मध्ये चोरदार बसवतो. एक्सझेड म्हणजे फाईली दाबून लहान करणारं साधं अवजार, पण त्यातून रस्ता थेट एसएसएचला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या दाराला. तू म्हणतोस तसं, लेखकाकडून थेट माझ्याकडं. ताजं ताजं विष. माझ्या बुकवर्मला ते शिवलंसुद्धा नाही, कारण बुकवर्म गोठलेलं होतं.

भाचा : आर्चमध्ये ती आवृत्ती आली होती, मान्य. पण चाललं का ते दार? नाही. आर्चचा एसएसएचडी त्या लायब्ररीला जोडलेलाच नव्हता. डेबियन आणि फेडोरानं एसएसएचला सिस्टमडीशी बोलता यावं म्हणून आपलं ठिगळ लावलं, त्यातून ती लायब्ररी आत आली. रस्ता तुमच्या मधल्या माणसानं बांधलेला होता.

आत्या : हं.

भाचा : आणि पकडलं कुणी?

आत्या : आंद्रेस फ्रॉयंडनं. पोस्टग्रेसवर काम करणारा माणूस. एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय, एवढं त्याच्या ध्यानात आलं आणि तो खणत गेला. 29 मार्च 2024 ला जगाला सांगितलं.

भाचा : कुठल्या मशीनवर ध्यानात आलं?

आत्या : (जरा थांबून) डेबियन सिडवर.

भाचा : सिडवर! तुझ्या वाचनालयाची राखण ही खेळणी मोडणारी पोरं करतात, आत्या. सगळेच तुझ्यासारखे दोन वर्षं थांबले असते, तर ते दार आज तू उतरवून घेतेस त्या ट्रिक्सीतच आलं असतं. तुझ्या हातानं.

आत्या : आलं असतं. म्हणून तर माझ्या घरच्या लॅपटॉपवर डेबियनची टेस्टिंग शाखा आहे.

भाचा : काय? तू टेस्टिंग चालवतेस?

आत्या : सात वर्षं. दोनदा मोडलं, तीन बग कळवले. जिथं मोडलं तर मलाच त्रास आहे, तिथं मी मोडून घेते. इथं नाही. अमावस्येला कुणी लग्न करावं का, हा माझा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या लग्नाची तारीख मी ठरवू नये, एवढंच.

मुलगा तिच्याकडं नुसता बघत राहिला. मला तिची ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि सात वर्षं आम्ही एका गल्लीत राहतो.

दरम्यान पहिल्या मशीनचा पहिला टप्पा संपला आणि ‘फुल-अपग्रेड’ची पाळी आली. हा टप्पा जुनी पॅकेजं काढूनही टाकू शकतो, म्हणून काय जाणार त्याची यादी आधी दाखवतो. ताईनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ती यादी बोट लावून वाचली, किराणा बिल वाचते तशी. मुलगा म्हणाला, एवढं कोण वाचतं. तिनं वर न बघता त्याला नोव्हेंबर 2021 ची गोष्ट सांगितली. लिनस सेबॅस्टियन नावाचा प्रसिद्ध यूट्यूबवाला पॉप ओएसवर खेळांसाठी स्टीम टाकायला गेला. पॅकेजांच्या गणितात घोळ होता आणि ॲप्टनं सांगितलं, हे टाकायचं तर तुझं अख्खं डेस्कटॉप काढावं लागेल, खरंच हवं असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ असं पूर्ण वाक्य टाइप कर. त्यानं टाइप केलं. डेस्कटॉप गेलं.

भाचा : ती चूक त्याची नाही, आत्या. स्टीम मागणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडद्यावर यावाच का? पुढं ॲप्टवाल्यांनीही ते बदललं. फ्लॅटपॅकनं आणलेलं ॲप तुझ्या डेस्कटॉपला हात लावू शकलं नसतं.

आत्या : तेही खरं. पण मशीननं विचारलं होतं.

भाचा : मशीन उठसूट विचारतं, म्हणून माणसं वाचत नाहीत.

इथं मुलाचं म्हणणं मला जास्त बरोबर वाटलं. बँकेच्या फॉर्मवरच्या बारीक अटी मीही वाचत नाही. सही करतो.

दुपारी तीनपर्यंत चार मशीनं ट्रिक्सीवर गेली. पाचवं कोपऱ्यातलं, कुणीतरी देणगी दिलेलं, 32 बिटचं. ताईनं त्याची फाईल उघडलीसुद्धा नाही. ट्रिक्सीनं 32 बिटच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलंय, म्हणून ते बुकवर्मवरच राहणार.

भाचा : म्हणजे तुझं स्थिर डेबियनही सोडून गेलंच की.

आत्या : आर्चनं 2017 लाच सोडलं. डेबियननं आठ वर्षं जास्त सांभाळलं. आणि बुकवर्मला 2028 च्या जूनपर्यंत एलटीएस आहे, म्हणजे भोकं बुजवणं चालू. तोवर हे यंत्र जगलं तर मी त्याला हार घालीन. यावर फक्त पुस्तकांची यादी शोधायची, बाकी काही नाही.

भाचा : मग चारपैकी एका मशीनवर तरी मला फ्लॅटपॅक टाकू दे. पोस्टरवाल्या पोरींना नवी इंकस्केप लागते, परवा त्यांनीच मला विचारलं.

आत्या : दोन नंबरचं घे. खाली ॲप्टचं डेबियन तसंच राहील. वर तुझी घरघंटी लाव. बिघडली तर मेकॅनिक तू, पुण्याहून यायचं.

तो कबूल झाला. एवढ्यात पहिल्या मशीनवर पुन्हा अपग्रेड चालवताना काहीतरी अडलं. लॉगिनच्या एका फाईलीत ताईनं पूर्वी हातानं ओळी घातल्या होत्या आणि नव्या पॅकेजबरोबर त्या फाईलीची नवी प्रत आली होती. ॲप्टच्या हाताखालचं डीपीकेजी थांबून विचारत होतं : मेंटेनरची प्रत बसवू म्हणालात तर वाय, तुमची जुनी ठेवू म्हणालात तर एन. काहीच न सांगता एंटर मारलात तर तुमचीच राहील.

भाचा : वाय दाब. नवी आहे ती.

आत्या : एन. ती ओळ काढली तर पोरांना पासवर्ड विचारत बसेल.

मी चष्मा लावून वाकून पाहिलं. खाली आणखी एक अक्षर होतं, डी, दोन्ही प्रतींतला फरक दाखवण्यासाठी. दोघांचेही हात कीबोर्डवर होते, म्हणून मीच मधून बोट घातलं आणि ते दाबलं.